पन्नासचा दगड

आबांनी रिकामं पोतं दोनदा घडी करून पन्नासच्या दगडाजवळ टाकलं, माझ्या दंडाचा आधार घेतला आणि 'आई गं' न म्हणता गुडघे टेकले. ते न म्हणणं त्यांना फार जड जात असे. मग लांबुळका चेंडू टोकावर उभा केला, वरून एका बोटाने दाबून धरला, त्याची शिवण माझ्या पायापासून पलीकडे वळवली आणि म्हणाले, "मार."

मी मारला. चेंडू दोन खांबांच्या मधून, आडव्या दांड्याच्या जरासा वरून गेला आणि कुंपणाच्या अलीकडे पडला.

"गेला," आबा म्हणाले.

"कसाबसा."

"कसाबसा गेलेला गेलेलाच असतोय. तिकडं कागदावर कसाबसा असं लिवत न्हाईत."

मी तेव्हा चाळिशीकडे झुकलो होतो. कामधंदा विचाराल तर लाथ मारणे. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघभर दांडगे गडी एकमेकांना धडका देत असतात आणि एका सडपातळ माणसाला निव्वळ एवढ्यासाठी पगार मिळतो, की त्याने सामन्यात दोन-चार वेळा मैदानात यावं, होल्डरने जमिनीवर उभा धरलेला चेंडू लाथेने खांबांमधून पाठवावा आणि परत बाकावर जाऊन बसावं. त्याला किकर म्हणतात. गेला तर ते त्याचं कामच होतं. नाही गेला तर भरलेलं स्टेडियम त्याची आई काढतं. आमचे कागलकडचे पाहुणे कौतुकाने म्हणायचे, "शामरावाचा उदयन लाथ मारील तिथं पाणी काढतोय." बरीच वर्षं काढलंही. संघांनी मला घेतलं आणि सोडलं, पुन्हा घेतलं आणि सोडलं. आमच्या मुलीला वाटायचं, सगळ्याच मुलींचे बाबा दर दिवाळीला गाव बदलतात.

आदल्या डिसेंबरात शेवटच्या मिनिटाला माझा एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी संघाने माझ्या कपाटातलं सामान एका खोक्यात घालून दिलं. उन्हाळा लागला तरी कुणाचा फोन नव्हता. माझी बायको मृणाल शार्लटला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, मुलगी तिच्याजवळ. मी मात्र ओहायोत वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, येऊन राहिलो. सराव करायचा होता हे खरं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आबा एकटे होते, हेही खरं.

गावातल्या शाळेचं मैदान खणून ठेवलं होतं. आबा पाइपच्या कारखान्यात वेल्डिंग इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी शेजाऱ्याला विचारून घरामागच्या गवताच्या रानात स्वतः जोडलेले खांब उभे केले. मग लांब टेप काढली आणि ओढ्यातून आणलेले चपटे दगड चुन्याने रंगवून एका ओळीत मांडले. तीस यार्डाचा, चाळीसचा, पंचेचाळीसचा, पन्नासचा. मोजायला अर्धी सकाळ लागली. मी टेपचं दुसरं टोक धरून कंटाळलो.

"आबा, वीतभर इकडं-तिकडं झालं तर काय बिघडतंय?"

"तात्यांच्या म्होरं म्हणून बघायचं हुतंस."

तात्या म्हणजे माझे आजोबा. ते सरकारी मोजणीदार होते. साखळी टाकून शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि कोपऱ्यावर दगड रोवायचे, हे त्यांचं काम. एकदा गावच्या पाटलाने दगड हातभर सरकवायला दारात दुभती म्हैस आणून बांधली, ती तात्यांनी स्वतः हाकत परत नेऊन दिली. ही गोष्ट मी ओहायोच्या बर्फाळ रात्रींत आई-आबांच्या मध्ये झोपून इतक्या वेळा ऐकली होती, की त्या म्हशीचं शिंग कुठं मोडलं होतं तेही मला ठाऊक होतं. गोष्टीच्या शेवटी आबा ठरलेलं वाक्य म्हणत: "गावात दोघास्नी च्या न्हाई. बांध कोरणाऱ्याला आन् दगुड सरकवणाऱ्याला."

दगड मांडून झाले तेव्हा मी पन्नासच्या दगडावर पाय ठेवून म्हणालो, "आबा, आपलं ठरलं. इथनं चेंडू जायचा थांबला, की त्याच दिवशी बूट ठेवला. उगाच लोकांच्या दारात उभं राहायचं नाही."

"ठरलं," आबा म्हणाले.

आणि रोज सकाळी ते माझे होल्डर झाले. सत्तरी उलटलेला माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. धातूचा तयार स्टँड मिळतो, माझ्या पिशवीत एक होताही. तो काढला की आबा त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघायचे. म्हणून तो पिशवीतच राहिला.

गणपतीच्या सुमाराला दोन सकाळी चेंडू पन्नासवरून कमी पडला. आबा म्हणाले, "वारा हाय म्होरनं." मला वारा जाणवला नव्हता. पण पुढच्या आठवड्यात चेंडू पुन्हा जायला लागला आणि मी तो वाराच होता असं धरून चाललो. खरं पायाला कळत असतं. पायाचं ऐकायची आपली तयारी असावी लागते.

शार्लटजवळच्या एका लहान कॉलेजातून विचारणा आली होती. मुलांना लाथ मारायला शिकवायचं, राहतं घर सोडावं लागणार नाही. मृणालचा फोन आला.

"त्यांना नोव्हेंबरअखेर उत्तर हवंय."

"अजून पन्नासवरून जातोय गं."

"उदयन, तू दमलायस का, एवढंच सांग."

"पाय नाही दमलेला."

"मी पायाचं विचारत नाहीये," ती म्हणाली आणि तिने फोन मुलीकडे दिला.

नोव्हेंबरात एका सोमवारी एजंटचा फोन आला. थंड मुलखातल्या एका संघाच्या किकरने रविवारी दोन चेंडू घालवले होते. मंगळवारी चाचणी. मी बॅग भरली. आबांनी पोळीचा लाडू डब्यात घालून दिला आणि विमानतळावर सोडताना म्हणाले, "सावकाश." इतकी वर्षं 'जिंकून ये' म्हणणारा माणूस तेव्हा नुसतं सावकाश का म्हणाला, हे मला तिथं सुचलं नाही.

मंगळवारच्या चाचणीची एक रीत असते. विमानतळावरून चार किकर एकाच गाडीतून नेतात. चौघं एकमेकांना ओळखत असतात, कारण गेल्या मंगळवारी ते दुसऱ्या गावात असेच एका गाडीत होते. बायका-मुलांची चौकशी होते. पायाची चौकशी कुणी करत नाही. मैदानाला लागून संघाची इमारत असते आणि तिच्या एखाद्या खिडकीमागे रविवारी चुकलेला तो किकर बसलेला असतो. त्या खिडकीकडे चौघांपैकी कुणीही बघत नाही. आज त्याची गत, ती परवा आपली.

चाचणी संपली की एकाला थांब म्हणतात. बाकीच्यांना कागदी पिशवीत सँडविच देतात आणि विमानतळाच्या गाडीत बसवतात.

माझ्या शेजारी वेड हार्लन होता. एका संघात आम्ही एकाच जागेसाठी भांडलो होतो आणि दोघंही हरलो होतो. तेव्हापासूनची दोस्ती.

"सराव कुठे करतोस?" त्याने विचारलं.

"वडिलांकडे. त्यांनी खांब उभे केलेत."

"लांबचे जातात?"

"पन्नासवरून जातात. रोज."

"मोजलंय कुणी?"

"वडिलांनीच."

"मग बरोबर असेल," वेड म्हणाला. तो एकदा आमच्या घरी जेवून गेला होता. आबांनी त्यालाही म्हशीची गोष्ट सांगितली होती.

मैदान कडक झालं होतं, वारा अजिबात नव्हता. जवळचे चेंडू सगळ्यांचेच गेले. मग प्रशिक्षकाने जागा मागे नेली. अठ्ठेचाळीसवर माझी पाळी आली. मी पावलं मोजून मागे गेलो, बाजूला सरकलो, होल्डरकडे बघून मान हलवली. लाथ नीट बसली. अगदी नीट, मनासारखी. मान वर केली तेव्हा चेंडू दांड्याच्या खाली शिरत होता.

मला वाटलं, जागा चुकली. मी चक्क खाली बघितलं. जमिनीवर ठसठशीत पांढरी रेघ होती.

"पुन्हा," प्रशिक्षक म्हणाला. आवाजात राग नव्हता. मी पुन्हा मारला आणि तोही खालून गेला. पन्नासच्या पलीकडचा तर दांड्यापर्यंतही पोचला नाही, टप्पा घेत खांबाला जाऊन टेकला. शेजारचा तेवीस वर्षांचा पोरगा विनयाने दुसरीकडे बघत राहिला. ते मला सगळ्यात लागलं.

पोराला थांब म्हणाले. आम्हाला पिशव्या मिळाल्या.

गाडीत वेडने आपली पिशवी उघडली. "टर्की. तुझं?"

"टर्कीच."

"पूर्वी हॅम तरी द्यायचे," तो म्हणाला आणि शांतपणे खायला लागला. थोड्या वेळाने, घास तोंडात असतानाच म्हणाला, "उदयन, लाथ चांगली बसली होती रे तुझी. म्हणून सांगतो."

मला समजलं. लाथ वाईट बसून चेंडू पडला तर माणूस उद्या सुधारतो. चांगली बसूनही पडला तर सुधारायला काही राहिलेलं नसतं.

संध्याकाळी आबा विमानतळावर घ्यायला आले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"कशाचं हाय?"

"टर्कीचं."

"खाल्लं न्हाईस?"

"भूक नव्हती."

"आण हिकडं," ते म्हणाले आणि गाडी चालवता चालवता त्यांनी ते गार सँडविच शेवटपर्यंत खाल्लं. घरी त्यांनी अंड्याचा रस्सा करून ठेवला होता. आम्ही जेवलो.

सकाळी आबा उठायच्या आत मी रानात गेलो. गवतावर दहिवर होतं. मला काही सिद्ध करायचं नव्हतं. फक्त काल काय झालं ते कळत नव्हतं. पिशवीतला धातूचा स्टँड पन्नासच्या दगडाजवळ लावला, चेंडू उभा केला आणि अंग न तापवता मारला. गेला. दांड्याच्या चांगला वरून गेला.

कालचाच पाय होता. कालचाच बूट, तसलाच चेंडू.

मी दुसरा चेंडू आणायला वळलो आणि दगडाच्या मागे, खांबांपासून लांबच्या बाजूला, गवतात एक पिवळा डाग दिसला. दगडाएवढा. त्याच्या मागे पावलाभर अंतरावर दुसरा होता, तो जरा हिरवट. त्याच्या मागे आणखी एक, त्यात नवीन गवत उगवून आलं होतं. मी डागांवरून मागे मागे चालत गेलो. शेवटचा इतका भरून आला होता, की वाकून हात फिरवला तेव्हा खळगा लागला. तो दगड आठवड्या-आठवड्याने पावलापावलाने खांबांकडे चालत गेला होता.

मी तिथंच उकिडवा बसलो. मला राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. मैदानावर हरायची सवय असते, त्याला पगारही मिळतो. पण कुणीतरी मला पोर समजून खेळवावं, आणि तेही आबांनी, याने माझ्या कानशिलात ठणकायला लागलं. बायकोला मी महिनोन् महिने त्या दगडाचा हवाला दिला होता.

मागचं दार वाजलं. आबा काखेत पोतं घेऊन येत होते. मी कुठे बसलोय हे त्यांना दिसलं आणि ते मधेच थांबले. मग पुन्हा चालायला लागले, नेहमीपेक्षा हळू.

"दगड हलवलाय," मी म्हणालो.

"व्हय."

"कधीपासनं?"

"गणपतीपास्नं." त्यांनी पोतं या काखेतून त्या काखेत घेतलं. "लाथ मारताना तुझी मान खाली असती. च्येंडू आधी मला दिसतोय. तुला दोन दिस दिसलं, मला त्याच्या आधीपास्नं दिसत हुतं."

"मग सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिशी बूट ठेवला असतास. तसं ठरलं हुतं आपलं."

"तेच ठरलं होतं, आबा! काल तिथं चार माणसांच्या पुढं माझी शोभा झाली. रेघ चुकली म्हणून मी जमिनीकडे बघत होतो. तेवीस वर्षांच्या पोराने माझी कीव केली. कशासाठी? मी अजून खेळावं म्हणून?"

आबांनी पोतं गवतावर टाकलं, पण गुडघे टेकले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

"लेका, तुझ्या फुटबॉलचं मला काय पडलंय," ते म्हणाले. "इतकी वर्सं झाली, अजून त्यातलं निम्मं मला कळत न्हाई. तू बूट ठेवला असतास की शार्लटला गेला असतास. जायालाच पायजे, बायकापोरं हाईत तिकडं. पर तुझी आई गेली आन् सकाळी उठून मला कुटं जायाचंच न्हवतं. दीस दीस खुर्चीत बसून असायचा मी. तू आलास आन् हे पोतं घिऊन जायाला एक जागा झाली." त्यांनी दगडाकडे बोट केलं. "म्हटलं, एक पाऊल. मग म्हटलं, आणि एक."

मी त्यांच्याकडे बघत होतो. आईच्या दिवसांत ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं, ते आबा आता नाक पुसत होते, आणि तेही बाहीने.

"तात्यांनी उभ्या जन्मात दगुड हलवला न्हाई," ते म्हणाले. "म्हस परत केली."

राग होता तिथंच होता, पण आता त्याचं काय करायचं ते मला सुचेना. मी उठलो.

"तुम्ही चला माझ्याबरोबर शार्लटला."

"न्हाई. दगुड हलला तेवढं बास. हे तुझ्या आईचं घर हाय, मी हितनं हलत न्हाई."

"मग टेप आणा."

त्यांनी टेप आणली. मी दगड उचलून मागे नेला. आबांनी खांबापासून टेप ताणली, डोळा बारीक करून बघितलं, दगड बोटभर डावीकडे घ्यायला लावला, पुन्हा बघितलं. त्या माणसाला त्या क्षणीही बोटभर फरक चालत नव्हता. मग त्यांनी पोतं ओढून आणलं, माझा दंड धरला, गुडघे टेकले आणि चेंडू उभा केला.

"जाणार नाही, आबा."

"ठावं हाय. मार."

मी सगळा जीव लावून मारला. मान खालीच ठेवली, वर बघितलं नाही. चेंडूचा आवाज ऐकला, नंतर गवतातला टप्पा ऐकला.

"पडला," आबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे हात केला. मी त्यांना उठवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते उठताना 'आई गं' म्हणाले, चांगलं मोठ्याने.

दुपारी मी कॉलेजला फोन करून हो सांगितलं. नवीन वर्षापासून यायचं ठरलं. मृणालला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आबा कसे आहेत?" मी म्हटलं, बरे आहेत. बूट पुसून खोक्यात घातले, खोकं तळघरात नेऊन आईच्या शिलाईच्या सामानामागे ठेवलं आणि वर येऊन झोपलो. इतका गाढ झोपलो, की सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा कळलं.

घरात आबा नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. रानात दहिवर विरत होतं आणि आबा पोतं टाकून खाली बसले होते. पन्नासच्या दगडापाशी नाही, खांबांच्या अगदी जवळ, तीसच्या दगडापाशी. चेंडू उभा धरला होता, वर एक बोट. किती वेळ तसे बसले होते कोण जाणे.

मी दार उघडलं. "काय करताय आबा?"

"हितनं तर जातोय न्हवं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"इथनं जातोय."

"मग ये की."

मी बूट काढायला तळघरात उतरलो.